लिपिडचा पीक गाठीतला की डोक्याच्या कातडीखालचा? एमआर स्पेक्ट्रोस्कोपी प्रकल्प नोंदी

१० जून

आजपासून काम सुरू, म्हणून आधी कशासाठी चाललंय ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर नुसत्या सेटिंग्ज बदलत बसले की मूळ प्रश्न विसरायला नको. एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत त्याच एमआरआय मशीनवर चित्र न काढता मेंदूतल्या एका चौकोनी ठोकळ्यातली केमिस्ट्री मोजतात, त्या ठोकळ्याला व्हॉक्सेल म्हणायचं. निकाल येतो तो स्पेक्ट्रम, म्हणजे एक आलेख, त्यात प्रत्येक रसायनाचा उंचवटा (पीक) आपापल्या फ्रिक्वेन्सीला, आणि ती जागा पीपीएममध्ये (दहालाखांशात) मोजायची. एनएए (चेतापेशींतलं एक रसायन) २.० पीपीएमला, क्रिएटिन ३.० ला, कोलीन ३.२ ला आणि लॅक्टेट किंवा लिपिड (फॅट) असेल तर १.३ ला. आपल्याकडे या १.३ च्या पीकला फार वजन आहे, कारण मेंदूत छोटी रिंगसारखी चमकणारी गाठ दिसली की पहिला प्रश्न असतो टीबीची गाठ की टेपवर्मच्या अळीची. ट्युबरक्युलोमात (टीबीच्या गाठीत) लिपिडचा पीक ठळक येतो, जंतूच्या भिंतीतले फॅट आणि आतला पनीरसारखा सडलेला भाग यामुळे, आणि लखनौच्या संजय गांधी पोस्टग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटमधून १९९० च्या दशकात यावर बरंच काम झालंय. सिस्टिसर्कोसिसमध्ये (अळीच्या गाठीत) सक्सिनेट, ॲलनिन, ॲसिटेट असं काही दिसू शकतं पण तो लिपिडचा डोंगर सहसा नसतो.

आता अडचण अशी की या गाठी बऱ्याचदा मेंदूच्या अगदी वरच्या थरात असतात, आणि तिथून थोड्याच अंतरावर कवटीची अस्थिमज्जा आणि कातडीखालची चरबी. त्या चरबीचा सिग्नलही बरोबर १.३ आणि ०.९ पीपीएमलाच येतो. म्हणजे बाहेरचा सिग्नल आत झिरपला तर तो दिसायला हुबेहूब टीबीसारखा. त्यावरून एखाद्याला अनेक महिन्यांची टीबीची औषधं सुरू होऊ शकतात, त्यामुळे मला हा प्रश्न नुसता "आर्टिफॅक्ट" म्हणून सोडून देता येत नाही.

रेडिऑलॉजीच्या सरांना प्रकल्प समजावून सांगत होते तर ते म्हणाले, "अगं, मला एवढंच सांग, हा पीक धरायचा का सोडायचा?" प्रकल्पाचं उद्दिष्ट म्हणून तेच लिहून टाकलं.

१४ जून

फँटम, म्हणजे पेशंटऐवजी स्कॅन करायची चाचणीची बरणी, बनवलं. पेशंटवर प्रयोग करायच्या आधी असं काहीतरी पाहिजे ज्यात आत काय आणि बाहेर काय हे आपल्याला पक्कं माहीत आहे. एका मोठ्या प्लॅस्टिकच्या बरणीत छोटी बरणी, आतल्या बरणीत एनएए, क्रिएटिन, कोलीन आणि लॅक्टेट, पीएच ७.२ ला धरायला फॉस्फेट बफर, बुरशी लागू नये म्हणून थोडं सोडियम अझाइड (विषारी आहे, म्हणून बरणीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी). दोन बरण्यांच्या मधल्या जागेत शेंगदाणा तेल. आतल्या बरणीत लिपिड मुद्दाम अजिबात नाही, त्यामुळे स्पेक्ट्रममध्ये जे फॅट दिसेल ते शंभर टक्के बाहेरचं.

सगळ्यात जास्त वेळ बुडबुड्यांनी खाल्ला. हवेचा एक बुडबुडा जरी आत राहिला तरी त्याच्या आजूबाजूचं मॅग्नेटिक फील्ड बिघडतं आणि शिम (फील्ड एकसारखं करणं) नीट होत नाही. पाणी आधी उकळून झाकून गार केलं म्हणजे त्यात विरघळलेली हवा निघून जाते, मग बरणी काठोकाठ भरली आणि त्याच पाण्याच्या घमेल्यात बुडवून आतल्या आतच झाकण लावलं. तेल मात्र बरणी तिरकी धरून हळूहळू ओतायचं, घाई केली की फेस होतो आणि मग तो बसायची वाट बघत बसा. झाकणाभोवती पॅराफिल्म गुंडाळून रात्रभर उलटं ठेवलंय, गळलं नाही तर उद्या स्कॅनर रूममध्ये नेऊन ठेवेन म्हणजे तिथल्या तापमानाला येईल. तापमान महत्त्वाचं, कारण पाण्याचा पीक दर डिग्रीला साधारण ०.०१ पीपीएमने सरकतो, म्हणजे शरीराच्या ३७ ऐवजी खोलीतलं २२ असेल तर ०.१५ पीपीएमचा फरक, ३ टेस्लाला जवळपास १९ हर्ट्झ.

२१ जून

पेशंट संपल्यावर संध्याकाळी स्कॅनर मिळाला. टेक्निशियन दादा थांबले, त्यांच्याशिवाय हे काही झालं नसतं.

प्रेस सिक्वेन्स (एक ९० आणि दोन १८० डिग्रीच्या रेडिओ पल्सचा क्रम), २० मिलिमीटरचा घन, टीई (पहिल्या पल्सपासून सिग्नलपर्यंतचा वेळ) ३० मिलिसेकंद, टीआर (एका शॉटपासून पुढच्या शॉटपर्यंतचा वेळ) २ सेकंद, १२८ ॲव्हरेज (तेवढ्या शॉटची सरासरी), म्हणजे सव्वाचार मिनिटं. व्हॉक्सेलची एक कड तेलापासून ५ मिलिमीटरवर ठेवली. स्क्रीनवर बघितलं तर पिवळा चौकोन तेलाला शिवतही नाहीये, आणि तरी स्पेक्ट्रममध्ये १.३ ला एवढा मोठा डोंगर की एनएए त्याच्या पायथ्याशी टेकडीसारखासुद्धा दिसेना.

कारण मांडून बघितलं. स्लाइस निवडताना मशीन फ्रिक्वेन्सीवरून जागा ठरवतं, आणि फॅटची फ्रिक्वेन्सी पाण्यापेक्षा ३.४ पीपीएमने कमी. ३ टेस्लाला १ पीपीएम म्हणजे साधारण १२८ हर्ट्झ, म्हणजे ४३५ हर्ट्झचा फरक. आपल्या सिक्वेन्समधल्या रिफोकसिंग (१८० डिग्रीच्या) पल्सची बँडविड्थ (फ्रिक्वेन्सीची रुंदी) फक्त १.२ किलोहर्ट्झच्या आसपास. ४३५ भागिले १२००, म्हणजे ३६ टक्के. २० मिलिमीटरचे ३६ टक्के म्हणजे ७ मिलिमीटरच्या वर. स्क्रीनवरचा चौकोन पाण्यासाठी आहे, फॅटसाठीचा खरा चौकोन ७ मिलिमीटर बाजूला सरकलेला आहे आणि तो कुठेच दाखवला जात नाही! ५ मिलिमीटरचं अंतर ओलांडून तो २ मिलिमीटर तेलात घुसला. कड सपाट धरली तर व्हॉक्सेलचा दहावा हिस्सा शुद्ध तेल. तेलात १.३ पीपीएमच्या प्रोटॉनचं प्रमाण लिटरला सुमारे ५० मोल, आणि एनएए १० मिलिमोल म्हणजे त्याचे मिथाइल प्रोटॉन ३० मिलिमोल. गुणाकार केला की फॅट एनएएच्या शंभरपटीच्या वर जातं. डोंगर का दिसला ते कळलं.

२४ जून

दोन साध्या गोष्टी करून बघितल्या आणि दोन्हींचा उपयोग झाला, खरं तर मला एवढ्या उपयोगाची अपेक्षा नव्हती.

पहिली, पल्सची मध्य फ्रिक्वेन्सी पाण्यावर न ठेवता १.७ पीपीएम खाली म्हणजे ३.० च्या जवळ आणली. आपल्याला पाणी मोजायचंच नाहीये तर चौकोन पाण्यासाठी बरोबर का ठेवायचा? आता फॅट फक्त २१८ हर्ट्झ लांब, सरकणं १८ टक्के म्हणजे ३.६ मिलिमीटर. ५ च्या आत. कागदावर फॅट शून्य व्हायला पाहिजे होतं, प्रत्यक्षात बरंच कमी झालं पण गेलं नाही, कारण स्लाइसची कड सुरीने कापल्यासारखी नसते, उतरती असते आणि तिला शेपटी असते, आणि बाहेरचा सिग्नल इतका मोठा की शेपटीतलं थोडंसंही पुरतं.

दुसरी, स्लाइस ग्रेडियंटची (जागा ठरवायला फील्डला दिलेल्या उताराची) पोलॅरिटी, म्हणजे दिशा, उलटी केली. म्हणजे फॅटचा चौकोन आता तेलाकडे न सरकता उलट दिशेला, बरणीच्या मध्याकडे सरकतो. फॅट जवळजवळ सपाट! एकही मिनिट जास्त लागलं नाही. हे प्रत्येक स्कॅनरवर साध्या मेनूत मिळत नाही, आमच्याकडे रिसर्च मोडमध्ये जावं लागतं, पण मला वाटतं कवटीजवळच्या प्रत्येक व्हॉक्सेलला आधी हाच विचार करायला पाहिजे की फॅट कुठल्या बाजूला ढकललं जातंय.

अजून एक बारीक गोष्ट. प्रेसमध्ये पहिल्या ९० डिग्री पल्सची बँडविड्थ नंतरच्या दोन १८० पल्सपेक्षा जास्त असते, म्हणून तिच्या दिशेने सरकणं कमी. तेव्हा कवटीकडे तोंड असलेली दिशा त्या पहिल्या पल्सला द्यायची.

२८ जून

सॅच्युरेशन बँड. म्हणजे व्हॉक्सेलच्या बाहेर तेलावर जाड पट्टे टाकायचे, तिथला सिग्नल आधीच ९० डिग्रीने पाडायचा आणि क्रशर ग्रेडियंटने विस्कटून टाकायचा, मग मुख्य सिक्वेन्स सुरू. क्लिनिकमध्ये सगळेच टाकतात, पण नीट टाकायचे म्हणजे काय यावर आज पूर्ण संध्याकाळ गेली.

पट्टा सपाट आणि डोकं गोल, कलिंगडाला फळ्या लावून झाकायचा प्रकार. त्यामुळे एकच मोठा पट्टा टाकण्यापेक्षा दोन-तीन पट्टे थोड्या थोड्या कोनात टाकले तर फॅट जास्त झाकलं जातं. फार जवळ आणले तर व्हॉक्सेलची कड खातात आणि एनएएच कमी होतो, म्हणून मध्ये काही मिलिमीटर सोडायचे.

आणि हे कोणी सहसा बोलत नाही, पट्ट्यालासुद्धा तोच सरकण्याचा त्रास आहे. पट्टा आपण पाण्याच्या चित्रावर ठेवतो पण मारायचं असतं फॅट. ३० मिलिमीटर जाडीचा पट्टा, पल्सची बँडविड्थ ५ किलोहर्ट्झ धरली तर फॅटसाठी तो अडीच मिलिमीटर सरकलेला असतो. म्हणून पट्ट्याची फ्रिक्वेन्सी सरळ १.३ पीपीएमवर लावली, मग तो जिथे दिसतो तिथेच फॅट मारतो. याने बराच फरक पडला.

शिवाय ९० डिग्री सांगितले म्हणजे सगळीकडे ९० मिळतातच असं नाही, ३ टेस्लाला डोक्याच्या कडेला आरएफ (पल्सची रेडिओ ऊर्जा) कमी-जास्त पडतं. आणि फॅटचा टी१ (पाडलेला सिग्नल सावरायचा वेळ) लहान, साडेतीनशे मिलिसेकंदांच्या आसपास, तो पटकन सावरतो. पट्ट्यानंतर जितका जास्त वेळ जाईल तितकं फॅट परत उभं. म्हणून पाणी दाबणाऱ्या व्हेपर पल्सच्या अधेमधे पट्टे परत परत, वेगवेगळ्या फ्लिप अँगलने पेरायचे आणि शेवटचा पट्टा मुख्य पल्सच्या अगदी तोंडाशी. व्हेपर १९९९ मध्ये टकाच वगैरेंनी मांडलं तेव्हापासून ते पट्ट्यांसोबत असंच गुंफून वापरतात.

५ जुलै

स्कॅनर सर्व्हिसिंगला. डेटा घरी आणून बघितला, नवीन काही नाही.

९ जुलै

एथिक्सची परवानगी आधीच होती, आज पहिला व्हॉलंटियर. व्हॉक्सेल पॅरायटल भागात (मेंदूच्या वरच्या-मागच्या बाजूला), मुद्दाम वर.

बरणी हलत नाही, माणूस हलतो. सव्वाचार मिनिटांत एकदा जरी गिळताना हनुवटी वर गेली तरी व्हॉक्सेल काही मिलिमीटर कवटीकडे जातो, आणि त्या दोन-चार शॉटमध्ये आलेलं फॅट सगळ्या १२८ च्या सरासरीत मिसळतं. नुसती सरासरी सेव्ह केली तर हे कळायला मार्गच नाही, शेवटी फक्त १.३ ला एक बऱ्यापैकी फुगवटा दिसतो आणि आपण समजतो मेंदूतच आहे. प्रत्येक शॉट वेगळा सेव्ह करून एकाखाली एक लावले की लगेच दिसतं, सगळीकडे १.३ शांत आणि मध्येच तीन-चार ओळींत उसळी. त्या ओळी काढल्या, उरलेल्यांची फ्रिक्वेन्सी आणि फेज जुळवली, मग सरासरी घेतली. फुगवटा गेला.

दादांना विनंती करून ठेवली आहे की स्पेक्ट्रोस्कोपीच्या आधी डिफ्युजनचा जड स्कॅन लावू नका, ग्रेडियंट तापलेले असतात आणि थंड होताना फ्रिक्वेन्सी सरकत राहते. पाणी दाबणारी पल्स मग पाण्यावरून घसरते.

१५ जुलै

सेमी-लेझर, म्हणजे प्रेसच्या जागी वापरायचा दुसरा सिक्वेन्स, मिळालं! मॅडमनी सिक्वेन्सची परवानगी मिळवून दिली, त्यासाठी त्यांनी किती पत्रव्यवहार केला ते मला माहीत आहे.

यात दोन साध्या १८० पल्सच्या जागी ॲडियाबॅटिक पल्सच्या दोन जोड्या असतात. ॲडियाबॅटिक म्हणजे फ्रिक्वेन्सी सरकवत नेणारी पल्स, आरएफ थोडं कमी-जास्त झालं तरी एका मर्यादेच्या वर ती प्रोटॉन नीट उलटे करतेच, बँडविड्थ खूप मोठी आणि स्लाइसची कड जास्त तीक्ष्ण. लेझर गारवुड आणि डेलाबारे यांचं २००१ चं, सेमी-लेझर शीनेन वगैरेंचं २००८ चं, आणि २०१९ मध्ये क्लिनिकल स्पेक्ट्रोस्कोपीसाठी तज्ज्ञांनी एकत्र येऊन जे मत मांडलं त्यात प्रेसऐवजी याचीच शिफारस आहे.

हिशोब: मध्य फ्रिक्वेन्सी ३.० ला, फॅट २१८ हर्ट्झ लांब, बँडविड्थ ५ किलोहर्ट्झ धरली तर ४ टक्क्यांच्या थोडं वर, २० मिलिमीटरमध्ये जेमतेम ०.९ मिलिमीटर. प्रेसच्या ३.६ पुढे हे काहीच नाही. बरणीवर चालवलं, तेलापासून ५ मिलिमीटरवर, पट्टे बंद ठेवून, पोलॅरिटी वाईट बाजूला ठेवून, म्हणजे मुद्दाम सगळं विरोधात. १.३ ला बेसलाइनवर थोडी सूज, बाकी एनएए स्वच्छ. मी आणि दादा दोघंही स्क्रीनकडे बघतच राहिलो.

फक्त लक्षात ठेवायचं, "सेमी" यासाठी की पहिली ९० पल्स अजून साधीच आहे, तिला ॲडियाबॅटिकचा फायदा नाही. म्हणून इथे कवटीकडची दिशा ॲडियाबॅटिक जोडीला द्यायची, म्हणजे प्रेसच्या बरोबर उलटं. २४ जूनची नोंद प्रेसपुरती, कोणी दोन्ही एकच समजू नये.

किंमत आहे, आरएफची ऊर्जा जास्त जाते, एसएआरची (शरीरात किती आरएफ ऊर्जा जाऊ द्यायची त्याची) मर्यादा येते आणि टीआर वाढवावा लागतो, म्हणजे स्कॅन लांबतो. तापाने कण्हणाऱ्या पेशंटला एक मिनिटसुद्धा जास्त असतं, तरी मी हे घ्यावं म्हणेन.

लॅक्टेटचाही फायदा आहे. लॅक्टेटचे दोन जोडलेले प्रोटॉन गट १.३ आणि ४.१ ला, मध्ये २.८ पीपीएम म्हणजे साधारण ३५८ हर्ट्झ. प्रेसमध्ये या दोघांचे चौकोन एकमेकांपासून प्रत्येक रिफोकसिंग दिशेला ३० टक्के सरकलेले, त्यामुळे टीई १४४ ला लॅक्टेट उलटा यायला पाहिजे तर काही भागात उलटा काही भागात सुलटा येऊन आपापसात खातात आणि लॅक्टेट असूनही कमी दिसतो. सेमी-लेझरमध्ये हे नुकसान फार कमी.

२२ जुलै

पुढच्या बाजूला, फ्रंटल लोबमध्ये व्हॉक्सेल घेतला आणि वेगळीच घाण आली, ४ पीपीएमच्या आसपास वेड्यावाकड्या लाटा. हे फॅट नाही. डोळ्यांमागच्या आणि नाकाच्या पोकळ्यांतली हवा तिथलं फील्ड वाकवते, तिथलं पाणी नीट दाबलं जात नाही, आणि व्हॉक्सेलच्या बाहेर असूनही पल्सच्या भलत्याच जोड्यांमधून त्याचा प्रतिध्वनी तयार होतो. तीन पल्स असल्या की तीन एफआयडी (पल्सनंतर लगेच उमटून विरत जाणारा सिग्नल), तीन साधे एको (प्रतिध्वनी), एक स्टिम्युलेटेड एको आणि आपल्याला हवा असलेला एकच, बाकी सगळे क्रशरने मारायचे असतात. पोकळीजवळचं स्थानिक ग्रेडियंट उलट दिशेचं असेल तर तेच क्रशरचं काम पुसून टाकतं आणि मेलेला एको परत उभा राहतो.

ओळखायची खूण स्पेक्ट्रमपेक्षा टाइम डोमेनमध्ये लवकर दिसते, एफआयडी उतरत गेला पाहिजे आणि मध्येच, कधी १०० मिलिसेकंदांनंतर, एक टेकाड येतं. स्टार्क वगैरेंचं २००९ चं काम आणि क्रशर कसे लावावेत यावर लँडहीर आणि युखेम यांचं २०१९ चं काम, दोन्ही वाचले. स्लाइसचा क्रम बदलून बघितला तर लाटा स्पष्ट कमी झाल्या, क्रशर वाढवून अजून थोड्या. फेज सायकलिंगनेही (पल्सची फेज बदलत शॉट घेऊन नको ते वजा करणं) जातात पण माणूस हलला की त्याची वजाबाकी अर्धवट राहते, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबायचं नाही.

३० जुलै

सॉफ्टवेअरमध्ये लिपिड वजा करायचा प्रस्ताव आला होता. माझं मत स्पष्ट आहे, आपल्या प्रश्नासाठी नको. उरलेलं पाणी एचएसव्हीडीने (सिग्नलचे घटक वेगळे करायच्या गणिती पद्धतीने) काढणं ठीक, ते ४.७ ला असतं. पण १.३ वजा केलं तर कातडीखालचं, गाठीतलं आणि लॅक्टेट तिन्ही एकत्र जातात, आणि आपल्याला नेमकं त्यांनाच वेगळं करायचंय.

मल्टिव्हॉक्सेलबद्दल (एकाच वेळी अनेक व्हॉक्सेल मोजणं) थोडक्यात: १६ बाय १६ च्या ग्रिडमध्ये प्रत्येक व्हॉक्सेलचा सिग्नल सिंक आकारात (मध्ये उंच, बाजूंना लाटा) पसरतो, पहिलं साइडलोब (बाजूची लाट) जवळपास उणे २२ टक्के, म्हणजे कवटीचं फॅट शेजारच्या कित्येक घरांत सांडतं. हॅमिंग फिल्टरने साइडलोब एक टक्क्याच्या खाली जातात पण व्हॉक्सेल रुंद होतो. छोट्या गाठीला सध्या सिंगल व्हॉक्सेलच.

६ ऑगस्ट

पोलॅरिटीची गंमत आता परीक्षा म्हणून वापरायची. विचार असा: प्रेसचा एकच व्हॉक्सेल दोनदा घ्यायचा, एकदा फॅट कवटीकडे ढकलून, एकदा आत ढकलून. बाहेरचं फॅट असेल तर दोन स्पेक्ट्रममध्ये १.३ प्रचंड बदलेल. गाठीतलं असेल तर साधारण तसंच राहील. बरणीत आणि व्हॉलंटियरमध्ये पहिली बाजू छान जमली. दुसरी बाजू तपासायला तेलाची छोटी कुपी आतल्या द्रावणाच्या मध्यभागी टांगून बघितली आणि तिचा पीक दोन्हीकडे टिकला.

मर्यादा: गाठ व्हॉक्सेलपेक्षा बरीच लहान आणि एका कडेला असेल तर ३.६ मिलिमीटरच्या सरकण्याने तिचंही लिपिड कमी-जास्त होतं. म्हणून गाठ मध्यभागीच पाहिजे. जोडीला टीई १४४ चा एक स्कॅन, लॅक्टेट उलटतो आणि लिपिड उलटत नाही.

१४ ऑगस्ट

पॅरायटल गाठ असलेल्या पेशंटवर, रीतसर संमती घेऊन, पूर्ण क्रम चालवला. नेहमीच्या प्रेसमध्ये १.३ ला ठळक पीक. पोलॅरिटी उलटली तर पीक जवळजवळ नाहीसा. सेमी-लेझर आणि फॅटवर लावलेल्या पट्ट्यांसोबतही नाही. शॉट एकेक तपासले, हालचाल नव्हती. म्हणजे तो पीक कातडीखालचा होता.

सरांना तिन्ही स्पेक्ट्रम शेजारी शेजारी दाखवले. त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं की १.३ पीपीएमचा सिग्नल गाठीतला मानता येत नाही. निदान अर्थातच यावरून ठरत नाही, लिपिड नसणं म्हणजे टीबी नाही असंही नाही आणि लिपिड असणं म्हणजे टीबीच असंही नाही, सडलेल्या ग्लायोब्लास्टोमात, लिम्फोमात, पूच्या गाठीतही ते येतं. पण निदान करणाऱ्याच्या हातात खोटा पुरावा गेला नाही, आणि मला या सगळ्या कामातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

२० ऑगस्ट

दादांसाठी कन्सोलजवळ लावायला एक पानाची चिठ्ठी केली, त्यांच्याच शब्दांत: मध्य फ्रिक्वेन्सी ३.० ला, कवटीकडची दिशा कुठल्या पल्सला (प्रेस आणि सेमी-लेझर वेगळं), पट्टे १.३ वर, शॉट वेगळे सेव्ह, पोलॅरिटीची जोडी. त्यांनी वाचून दोन ठिकाणी बटणाचं नाव दुरुस्त केलं.

पुढचं काम १० मिलिमीटरपेक्षा लहान गाठींचं. तिथे व्हॉक्सेल लहान करावा लागतो, कड २० वरून १० केली की आकारमान आठपट घटतं आणि सिग्नलही आठपट घटतो, आणि सिग्नल आणि नॉइजचं (खरखरीचं) तेच प्रमाण टिकवायला ॲव्हरेज ६४ पट, जे अशक्य. त्यामुळे व्हॉक्सेल १५ चा ठेवून गाठीबाहेरच्या मेंदूचा वाटा वजा करता येतो का ते मॅडमशी सोमवारी बोलायचंय.